बसणारी रॅम आणि चालणारी रॅम

नागपूरच्या सुभाषनगरातल्या आमच्या घरी २०१३ साली घेतलेला एक डेस्कटॉप अजूनही रोज वापरात आहे. इंटेलचा कोअर आय३-३२२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा लहानसा मदरबोर्ड, त्यावर रॅमचे दोनच स्लॉट आणि त्यांपैकी एकात ४ जीबीची, डीडीआर३ या पिढीची रॅम, असा त्याचा सगळा संसार आहे. माझी पुतणी बीएस्सीला संख्याशास्त्र शिकते आणि तिचे बरेचसे काम ‘आर’ या भाषेत चालते. आरची रीत अशी आहे, की जी आकडेवारी तपासायची ती सगळीच्या सगळी रॅममध्ये उघडून ठेवायची. त्यामुळे तिने एखादी मोठी फाइल उघडली आणि शेजारी ब्राउझरही चालू असला, की संगणक मिनिटभर जागच्या जागी थिजून जात असे. डिसेंबरात एके संध्याकाळी ती मला म्हणाली, "काका, ह्याची रॅम वाढवता येईल का? बाबांनी दोन हजार रुपये दिले आहेत." गरज खरी होती आणि रक्कम ठरलेली होती. दोन हजारांत नवा संगणक येत नाही, पण नीट पाहून घेतले तर जुन्याला पुढची दोन-तीन वर्षे सुखाने काढता येतील एवढी रॅम येते. ती निवडताना मी काय पाहिले, कुठे चुकलो आणि ती चूक तांत्रिकदृष्ट्या नेमकी कशामुळे झाली, हे येथे सविस्तर लिहीत आहे. कारण असे जुने पण धडधाकट संगणक आपल्याकडे घरोघरी आहेत आणि त्यांच्यासाठी रॅम घेताना अनेक जण मी केली तीच चूक करत असणार.

पैसे खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, ती म्हणजे संगणक रॅमअभावीच अडतो आहे का. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात मेमरी पाहिली, की किती रॅम वापरात आहे, ती कोणत्या वेगाने चालते आहे आणि किती स्लॉट भरलेले आहेत, हे एकाच ठिकाणी दिसते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, म्हणून आम्ही या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घातलेली आहे. तेथे किती रॅम वापरात आहे, हे सिस्टिम मॉनिटरमध्ये दिसते. पुतणीला मी नेहमीचे काम करायला सांगितले आणि आकडे पाहत बसलो. रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली होती आणि दोन जीबीहून अधिक मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर राखून ठेवलेल्या जागेत, ढकलला गेला होता. रॅम भरली की संगणक तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. आमच्याकडे एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांवर साठवण करणारी वेगवान डिस्क आहे, तरीही रॅमच्या तुलनेत ती फार मंद असल्यामुळे ही ने-आण सुरू झाली की सगळे काम खोळंबते. याउलट रॅम अर्धी रिकामी असताना संगणक रेंगाळत असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे असे समजावे. ज्या संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, त्याच्यासाठी तर तेच दोन हजार एसएसडीवर घालणे बहुधा अधिक शहाणपणाचे ठरेल. आणखी एक तपासणी अगदी थोडक्यात सांगतो. विंडोज ३२ बिटांचे असेल, तर ४ जीबीच्या वर रॅम घालून घरच्या वापरात काहीच उपयोग होत नाही आणि त्यातलीही साधारण तीन ते साडेतीन जीबीच हाती लागते. अशा ठिकाणी आधी ६४ बिटांचे विंडोज घालावे लागते.

आता रॅमच्या पिढीविषयी. रॅम घेणाऱ्याला निदान एवढे माहीत असते, की डीडीआर३ च्या बोर्डावर डीडीआर४ चालत नाही. डेस्कटॉपच्या डीडीआर३ रॅमला २४० पिना असतात, तर डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोघींना २८८. मात्र पिनांची संख्या सारखी असली तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे डीडीआर५ ची रॅम डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये शिरत नाही. २४० पिनांच्याच जुन्या डीडीआर२ चे आणि डीडीआर३ चेही तसेच आहे. ही खाच मुद्दाम ठेवलेली आहे, कारण प्रत्येक पिढीचा विद्युतदाब निराळा आहे. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट लागतात. डीडीआर३ मध्येच १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल नावाची एक उपजात आहे. ती १.५ व्होल्टवरही चालावी अशीच बनवलेली असल्यामुळे आमच्यासारख्या बोर्डावर तिची सहसा अडचण येत नाही. पण जो बोर्ड केवळ डीडीआर३एल मागतो, त्यावर १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ लावू नये. लॅपटॉपची रॅम लांबीने अर्धी असते, तिला डीडीआर३ मध्ये २०४ आणि डीडीआर४ मध्ये २६० पिना असतात. कार्यालयांतून बाहेर पडलेल्या, पुस्तकाएवढ्या लहान डेस्कटॉपांत पुष्कळदा हीच छोटी रॅम असते, म्हणून झाकण उघडून पाहिल्याशिवाय ‘डेस्कटॉपची रॅम द्या’ असे दुकानात जाऊन सांगू नये.

खाचेचा हा बंदोबस्त इतका चोख आहे, की त्यामुळेच माणूस फसतो. खाच जुळली, रॅम आत बसली, दोन्ही बाजूंचे खटके टक् करून लागले, म्हणजे आता ती चालणारच, असे मनाने ठरवून टाकलेले असते. माझेही तसेच झाले.

त्या वेळी रॅमचे भाव चढते होते. जगातल्या बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून आलेल्या प्रचंड मागणीमुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत सामान्य ग्राहकाच्या रॅमचे भाव झपाट्याने वाढले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने चालवलेला ग्राहकांसाठीचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणाच केली. अशा दिवसांत एका ऑनलाइन विक्रेत्याकडे ‘डेस्कटॉप, डीडीआर३, १६००, ८ जीबी’ अशी रॅम ९५० रुपयांना दिसली, तेव्हा मी फारसा विचार न करता ती मागवली. पिढी बरोबर, वेग बरोबर, बोर्डाला दोन स्लॉट मिळून १६ जीबी चालतात म्हणजे एका स्लॉटला ८ जीबीही बरोबर. कागदावर सगळे जुळत होते.

रॅम आली, बसवली आणि बटण दाबले. पडदा काळाच राहिला आणि आतून थांबून थांबून लांब बीप ऐकू येऊ लागली. नवी रॅम काढून जुनी लावली की संगणक सुरू. जुनी काढून एकटी नवी लावली की पुन्हा तीच बीप. स्लॉट बदलून पाहिले. सोनेरी पिना शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पाहिल्या. नागपुरात हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, कारण उन्हाळ्याचे तीन महिने आपल्या घरांत कूलरची ओलसर हवा आणि बाहेरची धूळ एकत्र नांदतात आणि पिनांवर त्यांचा थर बसतो. यावेळी मात्र तो कामी आला नाही. विक्रेत्याला कळवले, तर उत्तर आले, की रॅम तपासूनच पाठवलेली आहे आणि ती चालू स्थितीत आहे. त्याने ती परत घेतली नाही. मला राग आला होता, पण पुढे लक्षात आले, की त्याचे ते वाक्य शब्दशः खरे होते. रॅम चालू स्थितीतच होती. फक्त आमच्या संगणकाला ती वाचता येत नव्हती.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवलेला असतो आणि हे कपॅसिटर आडव्या ओळींत व उभ्या रकान्यांत मांडलेले असतात. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आधी ओळीचा क्रमांक सांगतो, मग रकान्याचा, आणि तेव्हा त्या जागेवरचा मजकूर बाहेर येतो. शिवाय हा भार सतत गळत असतो, म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ नव्याने भरून घ्यावी लागते. म्हणजेच समोरच्या चिपमध्ये ओळी किती, रकाने किती आणि एका वेळी तिच्यातून किती बिट बाहेर पडतात, याचा हिशेब कंट्रोलरला माहीत असावाच लागतो. रॅमवर एक छोटी निराळी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. तिच्यात ही सगळी माहिती लिहिलेली असते आणि संगणक सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, ती वाचतो. पण तेथे वाचलेली मांडणी कंट्रोलरच्या घडणीतच नसेल, तर माहिती मिळूनही उपयोग होत नाही.

संगणक आणि रॅम यांच्यामध्ये एका वेळी ६४ बिटांची देवघेव होते. एकेका वेळी आठ बिट देणाऱ्या आठ चिपा एकत्र आल्या की ६४ होतात. अशा एका संचाला रँक म्हणतात. आमच्या संगणकाच्या काळातली ८ जीबीची सर्वसाधारण डीडीआर३ रॅम म्हणजे प्रत्येकी ४ गिगाबिटांच्या सोळा चिपा, दोन रँकांत विभागलेल्या, प्रत्येक चिप आठ बिट देणारी. लेबलावर हे ‘२आरएक्स८’ असे लिहिलेले असते. मला आलेल्या रॅमवरही सोळाच चिपा होत्या, म्हणून नुसत्या मोजून काही कळले नसते. त्या चिपा मात्र एका वेळी चारच बिट देणाऱ्या होत्या आणि सोळाही मिळून एकच रँक बनत होता. मूळची सर्व्हरसाठी असलेली ही चार बिटांची चिप इंटेलच्या त्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा कंट्रोलर हाताळत नाही. तो आठ आणि सोळा बिटांच्याच चिपा ओळखतो. एएमडीच्या त्या काळातल्या बोर्डांवर मात्र ती चालते. सर्व्हरच्या चिपा स्वस्तात मिळतात, त्या डेस्कटॉपच्या पट्टीवर चढवून अशी रॅम बाजारात येते आणि सांगणारे विक्रेते ‘फक्त एएमडीसाठी’ असे लिहितात. माझ्या विक्रेत्याने तसे लिहिले नव्हते. एवढी मोठी बाब न सांगता माल विकणे मला आजही अयोग्य वाटते.

हे ओळखायचे कसे, तर चिपेवरचे बारीक अक्षर वाचून. सॅमसंगच्या डीडीआर३ चिपेचा क्रमांक ‘के४बी४जी’ असा सुरू झाला म्हणजे ती ४ गिगाबिटांची, आणि त्यापुढे ०८ असेल तर ती आठ बिटांची, ०४ असेल तर चार बिटांची. हायनिक्सच्या ‘एच५टीक्यू४जी’ नंतर ८३ आले तर आठ, ४३ आले तर चार. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तिरप्या उजेडात जवळून फोटो काढला की ही अक्षरे स्वच्छ दिसतात. माझ्या रॅमवरच्या चिपांवर ०४ होते. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून असा एक फोटो मागवला असता, तर ९५० रुपये वाचले असते. याच कुळातला दुसरा अडथळाही सांगून ठेवतो. ८ जीबीच्या डीडीआर३ रॅमवर एकूण आठच चिपा असतील, तर त्या प्रत्येकी ८ गिगाबिटांच्या असतात आणि इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या डेस्कटॉपांचा कंट्रोलर एवढी दाट चिप मानत नाही. अशा संगणकासाठी सोळा चिपांची, आठ बिटांची, दोन रँकांची रॅमच घ्यावी.

तिसरा सापळा आहे सर्व्हरच्याच रॅमचा. जुने सर्व्हर मोडीत निघाले की त्यांची रॅम फार स्वस्तात विकायला येते आणि २४० पिनांची असल्यामुळे डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये छान बसतेही. पण तिच्यावर रजिस्टर नावाची आणखी एक चिप असते आणि घरगुती बोर्डावर अशी रॅम चालत नाही. लेबलावर ‘पीसी३-१२८००’ नंतर येणारे अक्षर पाहावे. यू असेल तर ती साधी डेस्कटॉपची, आर असेल तर सर्व्हरची. अक्षर पुसलेले असेल तर एका बाजूच्या मोठ्या चिपा मोजाव्यात. आठ असतील तर या बाबतीत ठीक. नऊ असतील तर नववी चिप चुका दुरुस्त करण्यासाठी आहे आणि ती रॅम बहुधा सर्व्हरची किंवा वर्कस्टेशनची आहे, असे समजून दूर राहावे.

जानेवारीतल्या एका शनिवारी मी सुभाषनगर स्थानकातून मेट्रो पकडली आणि झाशी राणी चौकात उतरून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. यावेळी तयारी करून गेलो होतो. जुनी रॅम काढून गुंडाळून बरोबर घेतली होती, बोर्डावर छापलेल्या नावाचा आणि त्याच्या आवृत्तीच्या क्रमांकाचा फोटो काढला होता, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरची चालणाऱ्या रॅमची यादी मोबाइलवर उतरवून ठेवली होती. ज्यांना झाकण उघडायचे नसेल, त्यांना विंडोजवर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम बोर्डाचे नाव आणि बसवलेल्या रॅमची सगळी कुंडली दाखवतो. लिनक्समध्ये तेच काम डीएमआयडीकोड ही आज्ञा करते. मात्र तीत दिसणारी कमाल क्षमता बायोसने लिहून ठेवलेली असते आणि ती कधी कधी चुकीची निघते, म्हणून त्या आकड्यासाठी कंपनीच्या कागदावरच विश्वास ठेवावा.

जुन्या संगणकांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान दुकानात मी माझी फसलेली रॅम दाखवली. दुकानदाराने भिंग लावून चिप पाहिली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "भाऊ, बसते म्हणून चालतेच, असं नसते." मग त्याने विचारलेला पहिला प्रश्न किमतीचा नव्हता, वेगाचाही नव्हता, बोर्ड कोणता, हा होता. रॅम विकणारा माणूस हा प्रश्न आधी विचारतो की नाही, यावरून मी आता दुकानाची पारख करतो.

त्याच्याकडे तीन पर्याय होते. जुन्या ४ जीबीला जोड म्हणून आणखी एक ४ जीबी, ७०० रुपयांना. वापरलेली पण तपासलेली ८ जीबी, १,४०० रुपयांना. किंवा ८ जीबीच्या दोन, २,८०० रुपयांना. तिसरा पर्याय हिशेबाबाहेर होता, त्यातून ९५० आधीच गेलेले होते आणि ते मी माझ्या खिशातून भरायचे ठरवले होते. उरलेल्या दोघांतून निवड करताना एक जुना समज आडवा येतो, की दोन्ही स्लॉटांत सारख्याच आकाराची रॅम असली पाहिजे, नाहीतर ड्युअल चॅनेल मिळत नाही. समज अर्धाच खरा आहे. बोर्डावर दोन चॅनेल असतात आणि दोन्हींत रॅम असली की ६४ ऐवजी १२८ बिटांचा रस्ता मिळतो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला याचा विशेष फायदा होतो, कारण तेथे चित्राचे कामही याच रॅममधून चालते. परंतु इंटेलच्या या पिढ्यांत एका बाजूला ४ आणि दुसऱ्या बाजूला ८ असले, तरी दोन्हींकडचे चार-चार मिळून ८ जीबी ड्युअल चॅनेलमध्येच चालतात आणि फक्त वरचे ४ एकेरी चालतात. आम्हाला गरज क्षमतेची होती. आठपेक्षा बारा जीबी पुतणीच्या कामाला निश्चितच अधिक उपयोगी होती, म्हणून मी १,४०० रुपयांची ८ जीबी घेतली.

वेगाविषयी लोक जितकी चिंता करतात, तितकी या वर्गातल्या संगणकासाठी करण्याचे कारण नाही. आमची जुनी रॅम १३३३ ची होती, नवी १६०० ची. दोन्ही एकत्र लावल्या की सगळे १३३३ वर चालते आणि त्यात काही बिघडत नाही. लेबलावरचा मोठा आकडा म्हणजे वेगाला आठाने गुणल्यावर येणारे, सेकंदाला जाणारे मेगाबाइट असतात. १६०० ची रॅम म्हणून पीसी३-१२८००, आणि १३३३ ची साधारण आकडा धरून पीसी३-१०६००. सीएल म्हणून मागितलेला मजकूर यायला लागणाऱ्या विलंबाचा जो आकडा असतो तो चक्रांचा असतो, वेळेचा नव्हे. १३३३ च्या रॅमचा सीएल ९ असेल तर प्रत्यक्ष वेळ साडेतेरा नॅनोसेकंद होते आणि १६०० च्या रॅमचा सीएल ११ असेल तर पावणेचौदा, म्हणजे दोघींत डोळ्यांना दिसेल असा फरकच नाही. केवळ सीएल कमी आहे म्हणून दोनशे-तीनशे रुपये जास्त देऊ नयेत. ते क्षमतेसाठी किंवा पक्क्या बिलासाठी द्यावेत.

ज्यांचा संगणक नवा आहे त्यांनाही ओघात एक इशारा देतो. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून पुढच्या एच६१० सारख्या बोर्डांच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही आवृत्त्या विकल्या गेल्या आहेत आणि त्यांच्या नावांत कधी कधी शेवटच्या ‘डी४’ एवढाच फरक असतो. ‘माझा प्रोसेसर अमुक, तर रॅम कोणती?’ या प्रश्नाला तेथे उत्तरच नाही. बोर्डाचे पूर्ण नाव सांगावे लागते. एएमडीच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण प्रोसेसर जिथे बसतो ते एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे डीडीआर५. डीडीआर४ चे स्लॉट असलेल्या सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल संगणकात ३२०० ची डीडीआर४ लावली, तर ती साधारणपणे अनुक्रमे २१३३ आणि २४०० च्याच वेगाने चालेल. चालेल मात्र बहुधा, आणि तीच स्वस्त मिळत असेल तर बोर्डाच्या यादीत पाहून घ्यावी.

दुकानदाराने माझ्यासमोर आपल्या एच६१ बोर्डावर रॅम लावून दाखवली, महिनाभराची हमी बिलावर लिहून दिली. घरी आल्यावर संगणकाची वायर काढली, बटण काही क्षण दाबून धरून उरलासुरला भार जाऊ दिला आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावूनच रॅम हातात घेतली. नागपूरच्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढतानाही ठिणग्या उडतात. तेवढी स्थिर वीज चिप जाळायला पुरेशी असते, म्हणून ही काळजी अनाठायी नाही. रॅम दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवावी लागते आणि तो दाब नवख्याला वाटतो त्याहून बराच जास्त असतो. एक खटका लागला आणि दुसरा अर्धवट राहिला, तरी पडदा काळाच राहतो.

या वेळी संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला आणि बायोसने १२ जीबी दाखवली. पण नुसता आकडा दिसला म्हणजे रॅम निर्दोष आहे असे होत नाही, विशेषतः ती वापरलेली असेल तर. मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून मी तो रात्रभर चालू ठेवला. हा प्रोग्रॅम रॅमच्या प्रत्येक जागी वेगवेगळे नमुने लिहितो, परत वाचतो आणि जुळवून पाहतो. एकही चूक सापडली, तरी ती रॅम परत करावी. एका बिटाच्या चुकीने संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आकडा बदलू शकतो आणि तो बदलला आहे हे कुणाला कळणारही नाही. सकाळपर्यंत अनेक फेऱ्या होऊन चुकांच्या रकान्यात शून्य होते. पुतणीने तीच मोठी फाइल उघडली, ब्राउझर सुरू केला आणि मी सिस्टिम मॉनिटर पाहत राहिलो. साडेसहा जीबीच्या आसपास वापर स्थिरावला आणि स्वॅप पूर्ण रिकामी राहिली. ६०० रुपये उरले, ते तिने पेनड्राइव्ह आणि एका पुस्तकासाठी ठेवले आहेत.

ती ९५० रुपयांची रॅम काही दिवस कपाटात पडून होती. हिंगणा रोडवर राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे एएमडीचा एफएक्स-६३०० प्रोसेसर असलेला जुना डेस्कटॉप आहे, त्यातही ४ जीबीच रॅम होती. गेल्या रविवारी ती पट्टी घेऊन मी त्याच्याकडे गेलो. मोकळ्या स्लॉटमध्ये बसवली, बटण दाबले आणि एकच छोटी बीप होऊन पडद्यावर १२ जीबी उमटली. मेमटेस्ट८६+ त्याच्याकडेही रात्रभर चालवायला सांगून आलो होतो. सकाळी त्याने पडद्याचा फोटो पाठवला. चुकांच्या रकान्यात तिथेही शून्यच होते.